सूक्ष्मदर्शकाआधी द्रावण

मुतखड्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक रेणूच्या पातळीवर कसे वाढतात, हा पीएचडीचा विषय तू घेतलास ते कळलं. चांगला आहे, पण फसवा आहे. या कामात चित्रं फार देखणी मिळतात. एएफएमच्या, म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या, पडद्यावर स्फटिकाच्या पायऱ्या सरकताना दिसायला लागल्या की माणूस त्यातच रमतो, आणि त्या कसल्या पाण्यात सरकताहेत हे विचारायचं राहून जातं. म्हणून पोरी, आधी एवढं गाठीला बांध: स्फटिक काय करणार ते द्रावण ठरवतं, आणि द्रावणात तुझ्या हातात खरी एकच कळ आहे. सुपरसॅच्युरेशन. पाण्यात मावायला हवं त्यापेक्षा किती जास्त विरघळून बसलंय, ते. ही कळ किती फिरवलीस हे आकड्यात सांगता येत नसेल, तर पुढचं कोणतंही चित्र छापायच्या लायकीचं नाही.

आणि हा आकडा बाटलीवरच्या लेबलातून मिळत नाही. तू कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम ऑक्झलेट मिलिमोलरच्याही अंशात मोजून घालशील, पण त्यातले सगळे आयन मोकळे राहत नाहीत. काही कॅल्शियम-ऑक्झलेटच्या जोड्या विरघळलेल्या अवस्थेतच जमून बसतात. शरीराच्या जवळ जायचं म्हणून ०.१५ मोलर मीठ घातलंस की उरलेल्या आयनांची सक्रियता घटते. पीएच उतरला की ऑक्झलेटला प्रोटॉन चिकटतो. हे सगळं धरून हिशोब करणारी संगणक-प्रणाली असते, ती पहिल्याच आठवड्यात शिकून घे. आणखी एक बारीक खोच: कोणी सुपरसॅच्युरेशन म्हणजे आयनांच्या गुणाकाराचं विद्राव्यता-स्थिरांकाशी असलेलं गुणोत्तर धरतं, कोणी त्याचं वर्गमूळ घेतं, कोणी लॉगरिदम. एकाचा १ म्हणजे दुसऱ्याचा अर्धा असू शकतो. वहीच्या पहिल्या पानावर आपली व्याख्या लिही, आणि दुसऱ्याचा शोधनिबंध वाचताना त्याची व्याख्या सापडल्याशिवाय आलेखाकडे बघू नकोस.

हे मी एवढं घासून का सांगते? सायट्रेटमुळे. सायट्रेट स्फटिकाची वाढ थांबवतं, हे तू पाठ्यपुस्तकात वाचलं असशीलच. मुतखड्याच्या रुग्णांना पोटॅशियम सायट्रेट देतात तेही माहीत असेल. पण सायट्रेट दोन कामं एकदम करतं. द्रावणातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणजे सुपरसॅच्युरेशन उतरवतं. शिवाय स्फटिकाच्या पायरीला जाऊन चिकटतं. सायट्रेट टाकलं, पायऱ्या मंदावल्या, म्हणजे सायट्रेट पृष्ठभागावर बसलं, असा निष्कर्ष काढायची सगळ्यांनाच घाई असते. निम्मं श्रेय नुसत्या कॅल्शियम कमी होण्याचं असू शकतं. तेव्हा सायट्रेट घातल्यावर हिशोब पुन्हा कर, कॅल्शियम वाढवून सुपरसॅच्युरेशन पूर्वीच्या आकड्यावर आण, मग मोज. तरीही पायरी मंदच राहिली, तर बोल.

२००४ साली अमेरिकेत कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटवर एएफएमने झालेलं एक काम नीट वाच. त्यात सायट्रेट आणि मूत्रातलं ऑस्टिओपॉन्टिन नावाचं प्रथिन एकाच स्फटिकाच्या वेगवेगळ्या बाजू पकडतात असं दिसलं. लहान रेणू एका बाजूच्या पायऱ्यांचा आकार बदलतो, मोठं प्रथिन दुसऱ्या बाजूच्या पायऱ्या जागोजागी रोखून धरतं. ‘वाढ मंदावली’ एवढ्या एका वाक्यात किती निरनिराळ्या गोष्टी लपतात, ते त्यावरून कळेल.

आता हात बसवण्याबद्दल. थेट ऑक्झलेटवर उडी घेऊ नकोस.

पहिले स्फटिक घरच्या घरी बघ. अळूच्या देठाचा पातळ काप काढ, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेव आणि दोन ध्रुवक आडवे-उभे लावून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. अंधारात सुयांच्या जुड्या चमकताना दिसतील. त्या कॅल्शियम ऑक्झलेटच्याच आहेत. घशाला खाज येते त्यात त्यांचा मोठा हात. झाडाने त्या खास पेशींमध्ये, हव्या त्या आकाराच्या, ठरवून वाढवलेल्या असतात. तेच रसायन आपल्या मूत्रपिंडात बेशिस्तीने वाढतं. दोन्ही पाहिलेस की जैविक नियंत्रण कशाला म्हणतात हे भाषणाशिवाय कळेल. (१६६५ मध्ये रॉबर्ट हुकनेही आपल्या ‘मायक्रोग्राफिया’त मूत्रातल्या वाळूच्या कणांना जागा दिली आहे. म्हणजे विषय जुना आहे, आपण उशिरा आलो.)

एएफएमचा हात कॅल्साइटवर बसव. नाशिक, जळगाव, अहिल्यानगरकडच्या बेसाल्टच्या खाणींतून झिओलाइटांबरोबर कॅल्साइटही निघतो. स्वच्छ तुकडा मिळव, पात्याने फोड, आणि ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावर पाणी सोडून बघ. समांतरभुज चौकोनाचे उथळ खड्डे पडायला लागतील आणि त्यांच्या कडा मागे सरकतील. त्या कडांची उंची ०.३१ नॅनोमीटरच्या आसपास, एका थराची. तुझं यंत्र ०.३१ ऐवजी भलतंच काही सांगत असेल तर दोष कॅल्साइटचा नाही, उभ्या अक्षाचं कॅलिब्रेशन बघ. ऑक्झलेटवर महिने घालवल्यावर हे लक्षात येण्यापेक्षा दुपारभरात लक्षात आलेलं बरं.

मग लायसोझाइम. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातलं हे प्रथिन, १२९ अमिनो आम्लांचं, स्वभावाने गरीब. सोडियम ॲसिटेट बफर, पीएच साडेचारच्या जवळपास, मिलिलिटरला चाळीस-पन्नास मिलिग्रॅम प्रथिन, पाचेक टक्के मीठ. रात्रभरात किंवा दोन दिवसांत स्फटिक येतात. प्रथिनाचं प्रमाण वजनकाट्यावर विसंबून लिहू नकोस, पावडर हवेतलं पाणी खाते. २८० नॅनोमीटरला शोषण मोज: मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असेल तर एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये २.६४ येतं. द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढ. बाजारातल्या लायसोझाइममध्ये अंड्यातली इतर प्रथिनंही थोडी उतरतात, आणि तेवढी थोडीसुद्धा पायऱ्यांना अडवायला पुरतात. तापमान सांभाळ, लायसोझाइमची विद्राव्यता तापमानाबरोबर चढते. दिवसा एसी चालू आणि रात्री बंद, अशा खोलीत ठेवलेल्या थेंबाने सकाळी काय दाखवलं याला अर्थ नाही.

स्फटिक आला, पण कशाचा, हेही विचार. मिठाचे स्फटिक घनाकृती असतात, ध्रुवकांमधून काळेच दिसतात. लायसोझाइमचा चतुष्कोणी स्फटिक फिकट उजळतो. बफरमधल्या इतर क्षारांचे मात्र भडक चमकतात, त्यांना फसू नकोस. सुईने दाबून बघ: प्रथिनाचा स्फटिक भुसभुशीत तुटतो, मिठाचा कडकन. कारण प्रथिनाच्या स्फटिकात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. म्हणूनच मेथिलीन ब्लू घातला की तो आतल्या वाटांनी शिरून स्फटिक निळा करतो, मीठ कोरंच राहतं. आणि थेंब सुकू देऊ नकोस. १९३४ मध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढच्या हॉजकिन) यांना पेप्सिनच्या स्फटिकाने क्ष-किरणांत ठिपके दिले ते त्यांनी स्फटिक त्याच्या मूळ द्रावणात ओला ठेवला म्हणून. कोरडे स्फटिक लोक आधीपासून तपासत होतेच, त्यांत रचना मोडलेली असायची. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने याच पाण्याचा उलटा उपयोग केला: भोवतालची आर्द्रता थोडीथोडी घटवून प्रथिनाचा स्फटिक कसा रूप बदलतो ते पाहिलं. पावसाळ्यात थेंबांच्या प्लेटा उघड्या टाकताना हे आठव.

कधीकधी थेंब दिवसेंदिवस स्वच्छच राहतो. सुपरसॅच्युरेशन आहे, पण पहिला कण जमत नाही. असा एक पट्टा असतो, त्यात आधीच असलेला स्फटिक वाढतो, नवा जन्मत नाही. तिथे बीज लागतं, दुधाला विरजण लागावं तसं. जुना स्फटिक चुरून त्याच द्रावणात पातळ कर, त्यात केस बुडव आणि नव्या थेंबातून एक रेघ ओढ. मांजराची मिशी यासाठी नामी. या धंद्यातले लोक खरोखर वापरतात, थट्टा नाही. मात्र मांजराने स्वतःहून गाळलेली घे. मोजमापासाठी तुला हाच पट्टा हवा आहे. त्याच्या वर गेलीस की एकदम हजारो बारके कण पडतात, सुपरसॅच्युरेशन मिनिटामिनिटाला उतरतं, आणि कुठल्या क्षणी काय मोजलं ते कोणालाच सांगता येत नाही. नवी मुलं घाई म्हणून आकडा चढवतात. तू उतरव.

ऑक्झलेट मिसळतानाही तेच. दोन द्रावणं एकमेकांत ओतलीस तर जिथे थेंब पडतो तिथे क्षणभर सुपरसॅच्युरेशन सरासरीच्या कितीतरी पट असतं, आणि कण तिथेच जन्मतात. तुझा कागदावरचा आकडा त्या जागी खोटा असतो. म्हणून सतत ढवळत, हळूहळू घाल. एएफएमसाठी तर दोन्ही द्रावणं वेगळ्या सिरिंजांतून आणून द्रव-पेशीच्या, म्हणजे स्फटिक ठेवायच्या छोट्या कप्प्याच्या, तोंडाशीच मिसळ.

एएफएमबद्दल थोडं जास्त सांगते, कारण खरी मेख इथे आहे.

स्फटिकाचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण वाढ सपाटीवर होत नाही. एकटा रेणू सपाटीवर येऊन बसला तर त्याला शेजार कमी, तो बहुतेकदा सुटून जातो. पायरीच्या कडेवर जिथे ओळ अर्धवट राहिलेली असते, त्या कोपऱ्यात तो टिकतो. कोसेल आणि स्ट्रान्स्की यांनी १९२७-२८ च्या सुमारास हा कोपरा ओळखला. प्रयोगशाळेत त्याला सगळे किंकच म्हणतात. मग प्रश्न उरतो की पायऱ्या संपत का नाहीत. फ्रँकने १९४९ मध्ये उत्तर दिलं: स्फटिकात मळसूत्रासारखा दोष असेल तर पायरी त्याच्याभोवती फिरत राहते, संपतच नाही. हे सर्पिल प्रत्यक्ष टिपणाऱ्या पहिल्या काही लोकांत अजित राम वर्मा होते. त्यांनी इंग्लंडमध्ये सिलिकॉन कार्बाइडवर ते दाखवले आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं निघत नाही, निघायला हवं.

तुलाही असंच सर्पिल शोधायचं आहे. एकदा सापडलं की त्याला धरून राहा. तिथून नियमित पायऱ्या निघत राहतात आणि तासन्तास मोजता येतं. सर्पिलाच्या मधोमध बघ: नव्या पायरीचा तुकडा ठरावीक लांबीचा होईपर्यंत हलतच नाही. ती लांबी सुपरसॅच्युरेशन वाढवलं की आखूड होते. निरनिराळ्या आकड्यांना ती मोजलीस तर पायरीच्या कडेची ऊर्जा काढता येते.

वेग मोजताना एक गोम आहे. एक चित्र पूर्ण व्हायला एएफएमला वेळ लागतो, तेवढ्यात पायरी पुढे गेलेली असते. वरून खाली काढलेल्या चित्रात ती एका कोनात दिसते, खालून वर काढलेल्यात दुसऱ्या. नुसतं एक चित्र घेऊन कोन मोजशील तर चुकशील. दोन्ही घेऊन हिशोब केलास तर त्या फरकातूनच खरा वेग निघतो. याहून सोपी युक्ती म्हणजे संथ अक्ष बंद कर. सुई एकाच रेघेवर पुढेमागे जात राहील, आणि पडद्यावर पायऱ्या तिरक्या रेषा काढतील. रेषेचा उतार म्हणजे वेग.

मग द्रावणाचा प्रवाह वाढवत जा. प्रवाह वाढवला की वेग वाढतो, याचा अर्थ तू अजून पृष्ठभागाचं रसायन मोजत नाहीस, रेणू तिथपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ मोजते आहेस. प्रवाह वाढवूनही वेग हलेना झाला, की तिथून पुढचे आकडे वहीत लिहायचे. पेशीतलं पाणी लेझरने खोलीपेक्षा थोडं गरम असतं, तेही हिशोबात धर.

सुई स्वतः काही करते का, हे दर वेळी तपास. लहान चौकटीत थोडा वेळ स्कॅन कर, मग चौकट मोठी करून बघ. मधला चौकोन आजूबाजूपेक्षा वेगळा दिसला तर ती सुईची करामत, निसर्गाची नव्हे. बल कमीत कमी ठेव. द्रव-पेशी घालून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वाढ पाहण्याचं तंत्र तुझ्या संस्थेत येईल तेव्हा तिथेही हीच शंका घेऊन जा: शलाका पाण्याचे तुकडे करते, पीएच हलतो, आणि पडद्यावर जन्मलेला कण कोणामुळे जन्मला हे विचारावं लागतं.

अडथळा घालणाऱ्या रेणूंवर तुझं मुख्य काम असेल. काब्रेरा आणि व्हर्मिलिया यांनी १९५८ मध्ये मांडलेलं गणित आधी वाच: पायरीच्या वाटेत परके रेणू बसले आणि त्यांच्यामधलं अंतर पुरेसं कमी झालं, की पायरी त्यांच्या फटीतून वाकून निघू शकत नाही, थांबते. सुपरसॅच्युरेशन चढवलं की पुन्हा सुटते. म्हणजे अडथळा किती जोरदार आहे हाही द्रावणाच्या आकड्याशी बांधलेला प्रश्न आहे. ‘अमुक रेणू वाढ पूर्ण थांबवतो’ असं कोणी सांगितलं तर कोणत्या आकड्याला, असं विचार.

या वाटेने औषधाजवळ जाता येतं, हे दाखवणारं काम २०१० चं. सिस्टिनचे खडे एका आनुवंशिक विकारात होतात. सिस्टिन पहिल्यांदा सापडलं तेही १८१० मध्ये वोलास्टनला मूत्राशयातल्या खड्यातच. त्याच्या षट्कोनी स्फटिकावर, सिस्टिनसारखाच पण टोकं बदललेला रेणू सोडला तर तो पायऱ्यांना चिकटून वाढ अडवतो, हे एएफएमने दिसलं.

२०१६ चं काम तर आपल्या घराजवळ येतं. हायड्रॉक्सीसायट्रेट कॅल्शियम ऑक्झलेटची वाढ नुसती अडवत नाही, योग्य प्रमाणात असेल तर सुपरसॅच्युरेटेड द्रावणातही स्फटिक विरघळवतं, असं ‘नेचर’मध्ये छापून आलं. हे आम्ल गार्सिनिया कुळातल्या फळांत असतं. म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये त्याची ओळख पटवली, आणि कोकणातल्या कोकमाच्या सालीतही ते आहे. ही गोष्ट कळली की घरातलं कोणीतरी सोलकढीने खडा विरघळतो म्हणून फिरवेल. तू त्यात भर घालू नकोस. काचेच्या पेशीतून मूत्रपिंडापर्यंत पोहोचेपर्यंत प्रमाण, शोषण, इतर आयन, सगळं बदलतं. गार्सिनियाच्या वजन घटवण्याच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

स्फटिक जन्मतो कसा, या वादात पहिल्या वर्षी बाजू घेऊ नकोस. जुना सिद्धान्त सांगतो की रेणू सुरुवातीपासून शिस्तीत जमतात. १९९७ मध्ये टेन वोल्डे आणि फ्रेंकेल यांनी संगणकावर दाखवलं की काही परिस्थितीत आधी दाट द्रवाचा थेंब जमू शकतो, शिस्त मागून येते. प्रथिनांत याला आधार मिळाला आहे, पण म्हणून प्रत्येक गढूळ थेंबाला ‘दोन टप्प्यांची सुरुवात’ म्हणू नये. जन्म हा नशिबाचा खेळ आहे, म्हणून एकसारखे पुष्कळ थेंब लाव आणि कोरे राहिलेले थेंबही नोंदव. तुझ्या ऑक्झलेटमध्ये कोणता हायड्रेट आला हेही दर वेळी ओळख: मोनोहायड्रेट चपटा येतो, डायहायड्रेट पायाला पाया जोडलेल्या दोन पिरॅमिडांसारखा, आणि सायट्रेट डायहायड्रेटकडे झुकवतं. नुसतं ‘ऑक्झलेट’ लिहिलंस तर वर्षभराने तुलाच कळणार नाही.

शरीरात तर सुरुवात बहुधा स्वच्छ द्रावणात होतच नाही. अलेक्झांडर रँडल यांनी १९३७ मध्ये मूत्रपिंडातल्या पॅपिलांच्या टोकांवर कॅल्शियम फॉस्फेटचे चट्टे दाखवले. पुष्कळ ऑक्झलेट खडे त्यांच्यावर चिकटून वाढतात. आपली चकचकीत काच तशी नसते. ओरखडा पडलेली कुपी मात्र बरंच काही करते, तेव्हा मोजमापाच्या कुप्या वेगळ्या ठेव आणि कोणाला उसन्या देऊ नकोस.

विषय कळला की नातेवाईक फोन करतील. मुतखडा कोणाच्या ना कोणाच्या घरात असतोच. डॉक्टरकडे पाठव, पण तीन गोष्टी बेलाशक सांग. भरपूर पाणी: इटलीत १९९६ मध्ये छापलेल्या पाच वर्षांच्या चाचणीत जास्त पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना खडा परत झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना. तुझ्याच कळीची गोष्ट आहे ही, त्यांना आकडा सांगितला तरी चालेल. दुसरी, मुतखडा झाला म्हणून आपल्या मनाने दूध तोडायचं नाही. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं. तिसरी, पडलेला खडा संडासात वाहू देऊ नका, गाळून डबीत ठेवा आणि तपासायला द्या. यूरिक आम्लाचा निघाला तर उपचाराची दिशाच वेगळी.